डाव्या हाताचा दिवा

त्या वर्षी नदी इतकी आटली की मोठी लाँच आणि वल्ह्याच्या नावा एकाच धारेत आल्या. एरवी लाँच मधोमध जायची, नावा कडेकडेनं, कुणाचं कुणाशी काही अडत नसे. आता दोन्ही अंगांनी वाळूनं पाठ वर काढली आणि मध्ये पाणी उरलं ते बोळाएवढं. बोळातून हत्ती जायला लागला की कोंबड्यांनी काय करावं, तेच नाववाल्यांनी करायचं होतं.

पलीकडच्या वाळूवर काकडीचे मळे होते. काकडी उन्हात तोडली की धक्क्यावर पोचेपर्यंत मान टाकते, म्हणून तोडणीला हात लागायचा तो ऊन कलल्यावर. म्हणजे शेवटची खेप अंधारातच यायची, त्याला इलाज नव्हता. ही शेवटची खेप कासव आणायचा. कासव म्हणजे वहिनीचा नवरा. पाठ रुंद, मान आत ओढलेली आणि कितीही हाका मारा, वल्ह्याचा ठेका बदलायचा नाही. त्यावरून ते नाव पडलं होतं. वहिनीला मात्र धक्क्यावर लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. तिचा सासरासुद्धा चुकून एकदोनदा म्हणाला होता. पोती उतरली की दाभणानं त्यांची तोंडं शिवायचं काम तिचं. तिनं मारलेली गाठ सोडायला कोयताच लागतो, असं बाजारात बोललं जाई.

अंधारात नावांना दिवे लावायची रीत त्या धक्क्यावर नव्हती. लाँचची धडधड ऐकू आली की वल्हेकरी हात थांबवायचा, दोन्ही वल्ही गुडघ्यांवर आडवी घ्यायचा आणि ती जाईपर्यंत गप बसायचा. अरुंद जिन्यात समोरून जाडजूड माणूस आला की आपण भिंतीला लागून उभे राहतो ना, तसं. ती गेली की तिच्या लाटेनं नाव जरा हेलकावे खायची, मग हा पुढं निघायचा. यात कुणाला अपमान वाटत नव्हता, कारण दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

मग जलवाहतुकीचे साहेब येऊन सांगून गेले. दिवसा कसेही फिरा. सूर्य मावळल्यावर नावेला तीन दिवे हवेत. लाल, हिरवा आणि पांढरा. दिवे नसलेली नाव जागेवर साखळीनं बांधली जाईल. लोकांना वाटलं, बोलतात तसे बोलले. दुसऱ्याच संध्याकाळी खोकल्याची नाव साखळीला लागली. खोकल्या हा कासवाचा शेजारी. बोलण्याआधी खोकायचा, बोलून झाल्यावर खोकायचा, आणि विनोद केला असेल तर मध्येही. तो नावेशेजारी बसून म्हणाला, म्हैस बांधली असती तर निदान दूध तरी निघालं असतं.

कासव त्या रात्री घरात भिंतीला टेकून बसला. शेवटची खेप बंद म्हणजे मळेवाले काकडी सडकेनं पाठवणार, आणि एकदा माल सडकेला लागला की तो पाण्यावर परत येत नाही. वहिनीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सासरा कोपऱ्यातून बडबडत होता, की अंधारात माणूस जपून चालतो, उजेड दिला की माजतो. त्याचा सख्खा भाऊ अंधारातच जपून चालताना बुडाला होता, पण ही आठवण त्याला करून द्यायची कुणाची छाती नव्हती.

वहिनीचा धाकटा भाऊ, बाळ्या, त्याच लाँचवर सारंग होता. लाँच चालवणारा म्हणजे धक्क्यावर मोठा माणूस; पण बहिणीपुढे अजून नाक पुसत उभा राहणारा. सकाळी उठून ती माहेरी गेली. बाळ्या जेवायला बसला होता. लाँचला नवे दिवे बसले होते आणि जुने शेडमध्ये धूळ खात पडले होते, ते तो द्यायला तयार झाला. लावायचे कसे, तेही त्यानं तोंडात घास धरूनच सांगितलं. डावा हात वर केला, म्हणाला लाल. खरकटा उजवा वर केला, म्हणाला हिरवा. आणि पांढरा मागं.

"इतकं कशाला लागतं?" तिनं विचारलं.

"ताई, अंधारात मला नाव दिसत नाही, दिवे दिसतात. लाल दिसला की समजायचं, त्याची डावी कूस माझ्याकडे आहे. पांढरा दिसला की त्याची पाठ. मग मला कळतं तो कुठं चाललाय, आणि मी त्याच्या पाठीमागून निघून जातो. दाजींना म्हणावं, आता थांबायची गरज नाही."

डावा लाल, उजवा हिरवा, पांढरा मागं. वाण्याकडं निघालेल्या पोरीसारखं घोकत ती घरी आली. पदरात दिवे होते, त्यांच्या काचा एकमेकींवर वाजत होत्या.

दुपारी नाव वाळूवर ओढलेली होती. कासव नेहमीच्या फळीवर नेहमीसारखा बसला, म्हणजे नावेच्या तोंडाकडं पाठ करून. वल्हं ओढायचं तर माणसाला असंच बसावं लागतं. जायचं तिकडं पाठ आणि सोडून आलो तिकडं तोंड. लहानपणापासून तो असाच बसत आला होता. नाव म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं तिचं शेपूटच यायचं.

वहिनी तार आणि सुतळी घेऊन काठाशी उभी राहिली.

"डावा वर करा," ती म्हणाली.

त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. लघवीला जाऊ का बाई, असं तोंडही केलं. कासव असले चाळे वर्षातून एखाद्या वेळी करायचा, म्हणून ती खूप हसली. हसत हसतच त्या हाताच्या बाजूला तिनं लाल दिवा बांधला. मग उजवा, तिथं हिरवा. पांढरा हातात घेऊन ती नावेच्या शेपटाकडं निघाली तेव्हा तो म्हणाला, अगं तिकडं कुठं? तिकडं लावलास तर रात्रभर माझ्याच डोळ्यांत जाईल. मागं म्हणजे माझ्या पाठीमागं. हे तिलाही पटलं. तिनं नावेच्या तोंडाशी एक खुंटी ठोकली आणि पांढरा तिथं बांधला. सासरा काठावरून बघत होता. म्हणाला, नाव आहे का सर्कशीचा तंबू.

संध्याकाळी दिवे लागले तसे बाकीचे नाववाले गोळा झाले. दोन दिवसांत त्यांनीही शहरातून दिवे आणले आणि गाठी वहिनीच्याच हव्यात म्हणून तिच्यामागं लागले. एकेकाला ती फळीवर बसवायची आणि म्हणायची, डावा वर कर. खोकल्याची पाळी आली तेव्हा त्यानं हात वर केला, पण खोकून विचारलं, "वहिनी, कुणाचा डावा? माझा का नावेचा?"

"नाव तुझीच ना? मग तिचा डावा वेगळा कुठून आणू?"

सगळे हसले, खोकल्याही हसला, आणि त्या हसण्यात तो प्रश्न वाहून गेला. पुढं कितीतरी दिवस वहिनीला दाभण हातात घेतल्यावर ते हसणं आधी ऐकू यायचं.

पहिले काही दिवस झोकात गेले. साहेब एकदा दुरून बघून मान हलवून गेले. दिवे होते, सगळ्या नावांना होते, एकसारखे होते. त्यांना आणखी काय बघायचं होतं. आणि दिवे लागले तरी हातांची सवय गेली नव्हती. धडधड आली की नावा पूर्वीसारख्याच थांबायच्या. थांबलेली नाव येणारी आहे की जाणारी, हे कोण बघत बसतो? बाळ्याच एकदा धक्क्यावर भेटला तेव्हा मेव्हण्याला म्हणाला, दाजी, मध्येच थांबता, मला तुमचा अंदाज येत नाही. दिवे आहेत, तर आपले चालत राहा. मी आहे ना बघायला.

कासवानं मान हलवली. घरी येऊन वहिनीला म्हणाला, "तुझ्या भावानं मला वाट सोडलीय." बोलताना त्याचा आवाज जरासा फुगला होता. आयुष्यभर भिंतीला लागून उभा राहिलेला माणूस, त्याला कुणी मधून चाल म्हटलं, की तो चालणारच.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. पाण्यावर शेवाळाचा कुबट वास होता. वहिनी धक्क्याच्या पायरीवर दाभणात सुतळी ओवून बसली होती. बाजूला सासरा पाय पाण्यात सोडून. अंधार चांगला उतरला होता. पलीकडून दिवा निघाला तसा म्हातारा म्हणाला, आला. त्याला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण वल्ह्याचा ठेका ओळखू यायचा.

डाव्या अंगानं लाँचची धडधड आली. तिचा हिरवा दिसत होता. वल्ह्याचा ठेका थांबला नाही. म्हाताऱ्याची मान वर झाली.

"थांबला नाही," तो म्हणाला.

"आता थांबायचं नसतं, बाबा. दिवे आहेत."

हे बोलता बोलताच लाँचनं तोंड वळवलं. तिच्या हिरव्याशेजारी आता लालही दिसायला लागला, म्हणजे ती सरळ या काठाकडं येत होती. वहिनीला कळेना, बाळ्या इकडं का वळतोय? त्या दिवशी म्हणाला होता, पाठीमागून जातो. मग पाठीमागं म्हणजे पलीकडं. तिनं नवऱ्याच्या नावेकडं बघितलं. नावेचा पांढरा तिच्यासमोर होता. रोज लाँच धक्का सोडून निघायची तेव्हा सगळ्यात शेवटी तिचा पांढराच दिसत राहायचा, बारीक होत जायचा. आणि नवरा तर तिच्याकडं येत होता. येणाऱ्या माणसाची पाठ कशी दिसेल?

ती उठून उभी राहिली. बाळ्याला तिथून काय दिसत असेल, ते तिला त्या क्षणी जसं दिसलं तसं मग आयुष्यभर दिसत राहिलं. त्याला लाल दिसत होता. त्याला वाटत होतं नाव पलीकडं चाललीय. तो शहाण्यासारखा तिच्या पाठीमागून जायला वळला होता, आणि पाठीमागं तिचं तोंड होतं.

"बाळ्या," ती ओरडली. मग नवऱ्याला हाक मारली, अहो म्हणून. अहो या हाकेला किती नवरे वळतील नदीवर. इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. पाण्यात ती कमरेपर्यंत गेली, दाभण हातात तसंच, आणि तिथं थांबली. पुढं जाऊन करायचं काय होतं? हातानं लाँच ढकलणार होती?

आवाज फार मोठा झाला नाही. वाळलेली फांदी पायाखाली मोडावी तेवढाच. आधी लाल विझला. मग पांढरा. हिरवा थोडा वेळ तिरपा तरंगत राहिला.

बाळ्यानंच पाण्यात उडी टाकली. लाँचच्या मोठ्या झोताखाली तिला दिसलं, त्यानं दाजींना मानेखाली धरलं होतं आणि तो पायांनी पाणी मारत काठाकडं येत होता. सगळ्या पाण्यावर काकड्या तरंगत होत्या, एकमेकींना धडकत होत्या, झोतात हिरव्यागार चमकत होत्या. म्हातारा वाकून पायाशी आलेल्या काकड्या गोळा करत होता. हातात मावेनात, तसा पायरीवर ठेवत होता आणि पुन्हा वाकत होता. त्याला कुणी थांबवलं नाही.

इस्पितळात पुरुषांच्या खोलीत भिंतीला निळा रंग होता, पाठीच्या उंचीवर तेलकट पट्टा. माणसं टेकून टेकून झालेला. डॉक्टरांनी वहिनीला दाराशी घेऊन सांगितलं की डावा खांदा जागेवर राहिलेला नाही, चुरा झालाय. हात राहील, पण वर जाणार नाही. वल्हं मारता येईल का, हे तिनं विचारलं नाही. आत कासव छताकडं बघत पडला होता. तिला बघून म्हणाला, मी थांबलो नाही. एवढंच. त्याला वाटत होतं, चूक तेवढीच.

बाहेर बाकावर बाळ्या ओल्या कपड्यांत बसला होता. बाकाखाली त्याच्या कपड्यांचं पाणी साचलं होतं. कुणीतरी दिलेला चहा त्याच्या हातात गार झाला होता.

"ताई, लाल डाव्यालाच लावलास ना?"

"डाव्यालाच. त्यांना हात वर करायला लावला आणि तिथंच बांधला."

चहा खाली ठेवून त्यानं लाँचवर धरतो तसं सुकाणू हवेत धरलं आणि डावा हात थोडा उचलला. मग बाकावरच वळून उलट्या तोंडानं बसला, वल्ही धरल्यासारख्या मुठी केल्या आणि पुन्हा डावा उचलला. हात दुसरीकडं गेला होता. बराच वेळ तो त्या हाताकडं बघत राहिला. वहिनीही बघत राहिली. तिथून जाणाऱ्या नर्सला वाटलं असेल, हे बहीणभाऊ काय खेळताहेत.

चौकशीला साहेब आले तेव्हा मोडकी नाव वाळूवर काढलेली होती. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि उरलेल्या सगळ्या नावा पाण्यात उतरवून दिवे लावायला सांगितलं. नावा समोरून येऊ लागल्या. साहेब बघत राहिले. एक आली, दुसरी आली, सगळ्या आल्या, आणि सगळ्यांचे पांढरे साहेबांच्या समोर होते.

हे कुणी बांधले, असं त्यांनी विचारलं. खोकल्याला खोकला आला होता, तो त्यानं दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं तरी.

"मी," वहिनी म्हणाली.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या दिव्यांप्रमाणे या धक्क्यावरच्या सगळ्या नावा उलट्या चालतात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप झालं.

"साहेब, वल्हवणारा उलटाच बसतो."

"बसतो ना. पण समोरच्याला अंधारात तो बसलेला कुठं दिसतो?"

मग साहेबांनी शांतपणे सगळं सांगून टाकलं. नदी भरेपर्यंत या धक्क्यावरून सूर्य मावळल्यावर एकही नाव जाणार नाही. कासवाच्या नावेचा परवाना रोखलेला. नाव दुरुस्त करून, दिवे नीट लावून दाखवले तर पुढं बघू. आणि अरुंद पाण्यात वेग कमी केला नाही म्हणून सारंगाला लाँचवरून उतरवलेलं. दिवे बरोबर निघाले असते तर भाऊ पुरता बुडाला असता, चूक निघाले म्हणून नवरा बुडाला. साहेबांनी न्याय केला आणि दोघांनाही अर्धं अर्धं बुडवलं. वहिनीच्या मनात काय काय होतं, पण बोलायचं कुणाच्या बाजूनं? ज्या बाजूला तोंड करावं तिच्या उलट आपलंच माणूस उभं.

भावजय एकदा येऊन गेली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, पाणी दिलं ते हातात धरून तसंच परत दिलं. म्हणाली, जुने दिवे शेडमध्ये पडले होते तेच बरं होतं. वहिनीनं तांब्या घेतला आणि मान हलवली. खरंच होतं ते.

मळेवाल्यांनी माल सडकेनं नेला. धक्क्यावरची पायरी कोरडी पडली, तिच्यावर कुत्री झोपू लागली. नाववाले वहिनीला काही बोलले नाहीत. त्यातले दोघे दिवे बदलून घ्यायला तिच्याकडंच आले, कारण गाठ सोडवत नव्हती. एकानं मात्र कोयत्यानं सुतळी तोडून स्वतःच बांधले, तिच्यासमोरच, आणि नीट जमलं नाही तरी तिला हाक मारली नाही. ती बघत उभी राहिली. खोकल्या तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला म्हणता आलं असतं, की मी विचारलं होतं. त्यानं विडी पेटवली, ओढून खोकला, आणि निघून गेला. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

नाव सासऱ्यानं दुरुस्त केली. कूस फुटली होती तिथं पत्रा ठोकला, सांध्यांत डांबर भरलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून भेगा बोटांनी चाचपत होता. मध्येच हातोडी थांबवून पुटपुटायचा, की उद्या वल्हवणार कोण. आणि मग स्वतःच्या प्रश्नाला घाबरल्यासारखा जोरात ठोकायला लागायचा.

साहेब बघायला येणार होते त्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीनं तार आणि सुतळी काढली. नाव वाळूवरच होती, तोंड पाण्याकडं. बाळ्या आला होता. हल्ली तो रोजच यायचा, कारण त्याला दुसरीकडं जायचं नव्हतं. कुणी न सांगता तो नावेच्या समोर, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला आणि वळून बघू लागला. समोरून बघणारं एक माणूस आधी हवं होतं, ते आता आलं.

कासव फळीवर बसला. हात गळ्यातल्या फडक्यातून नुकताच निघाला होता, दंड वाळलेल्या भोपळ्यासारखा झाला होता. पांढरा तिनं शेपटाशी बांधला, त्याच्या तोंडासमोर. लाल त्याच्या उजव्या हाताला. मग हिरवा घेऊन ती दुसऱ्या अंगाला आली. खरं तर तिला बाजू आता झोपेतही चुकली नसती. पण तोंडातून निघून गेलं.

"डावा वर करा."

त्यानं करायला घेतला. हात मांडीवरून उठला, पोटापर्यंत आला, छातीपर्यंत आला आणि थांबला. कपाळावर घाम आला. या वेळी त्यानं कसलंही तोंड केलं नाही.

"एवढाच येतो," तो म्हणाला.

"पुरे आहे."

तिनं दिवा बांधला. गाठ ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. बॅटरीचं बटण दाबल्यावर तिन्ही दिवे लागले. पांढरा कासवाच्या डोळ्यांत गेला, त्यानं मान खाली घातली.

"कशी दिसते?" तिनं पाण्याकडं बघून विचारलं.

बाळ्यानं लालपासून हिरव्यापर्यंत नजर फिरवली. "येणारी दिसते," तो म्हणाला.

तेवढ्यात खालच्या अंगाला धडधड आली. लाँच होती, नव्या सारंगाची. आपले दिवे घेऊन ती मधोमध चालली होती. म्हाताऱ्यानं हातोडी थांबवली. वाळूवरच्या नावेत, फळीवर, कासवानं उजव्या हातानं डावा हात उचलला, दोन्ही हात गुडघ्यांवर आडवे ठेवले आणि लाँच जाईपर्यंत तो गप बसून राहिला. तिची लाट काठाला लागली, वाळूवर चढली, नावेपर्यंत काही पोचली नाही.